मान सोडा, सर

"मान सोडा, सर."

कात्री खाली ठेवून, अंगावरचं फडकं झटकून मामा एवढंच म्हणायचे. मग दोन्ही तळवे माझ्या कानांवर यायचे. आवाज इतका हळू, की पाळण्यातल्या पोराला निजवतायत असं वाटावं.

तुम्हीही कधी ना कधी सलूनच्या खुर्चीत बसला असाल. मान सोडणं वाटतं तेवढं सोपं नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. दिवसभर आपण ती धरून ठेवलेली असते आणि धरली आहे हेच आपल्याला माहीत नसतं. मामांच्या हातात मात्र ती सुटायची. नेमकी सुटली की एक झटका. कडाक! मग दुसऱ्या बाजूला. कडाक!

"गेलं बगा वारं," असं म्हणून मामा दाराकडे बघायचे. जणू ते वारं उंबरा ओलांडून जाताना त्यांना दिसलं आहे.

धारूरच्या बाजारपेठेत, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दोन खुर्च्या होत्या. एकीवर गिऱ्हाईक बसायचं, दुसरीवर वर्तमानपत्र. भागीदार नव्हता, कारागीर ठेवलेला नव्हता. मामा उंच आणि किडकिडीत. आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर वाकून त्यांची स्वतःची मान पुढे आली होती. पाण्यात मासा हेरणारा बगळा असतो ना, तशी. गावात त्यांना सगळे मामाच म्हणायचे, त्यांच्या मोठ्या भावासकट.

मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. उत्तरपत्रिका तपासायचे दिवस आले की माझं डोकं दुखायला लागायचं. दुखणं मानेच्या वरच्या टोकाला, केस संपतात तिथून सुरू व्हायचं, कवटीवरून चढायचं आणि उजव्या डोळ्याच्या मागे येऊन बसायचं. कुणी म्हणालं पित्त आहे, कुणी म्हणालं चष्मा बदला. मी चष्मा बदलला, आंबट सोडलं, डोक्याच्या गोळीचं पाकीट खिशात ठेवायला लागलो. पण खरा आराम मिळायचा तो मामांच्या खुर्चीत. तोही दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी वारं पुन्हा हजर.

"ह्ये वारं लई चिकट हाय तुमचं," मामा म्हणायचे. "मास्तरावानी. सुट्टी झाली तरी घरी जात न्हाई."

बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानापुढे माणसं बसून असायची. डोंगरातल्या वस्त्यांवरून मेंढपाळ यायचे, कापूस विकायला आलेले शेतकरी यायचे, ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी झालेले ड्रायव्हर यायचे. केस वाढलेले नसले तरी यायचे. "कटिंग ऱ्हाऊ द्या, निस्तं मोडा," म्हणायचे.

एकदा आमच्या भागातले एक पुढारी आले. निवडणुकीचे दिवस होते. हारांनी आणि जीपच्या प्रवासांनी त्यांची मान आखडली होती. बरोबरची माणसं दुकानात मावेनात, म्हणून अर्धी बाहेर उभी. मामांनी त्यांच्या कानांवर हात ठेवले आणि नेहमीसारखं म्हणाले, "मान सोडा, सायेब."

पुढारी आरशातून हसले. "मामा, मान सोडली तर पद जाईल की."

"पद भाईर खुटीला अडकवा," मामा म्हणाले. "हितं निस्ती मान द्या."

बाहेर उभी असलेली माणसं सुद्धा हसली. पुढारी त्या दिवशी जाताना हलके होऊन गेले, आणि पुढे प्रत्येक सभेआधी त्यांची गाडी दुकानापुढे थांबू लागली.

खुद्द मामांची मान मात्र कुणी मोडायची? दुपार कलली की त्यांचं डोकं ठणकायला लागे. ते गमजा कपाळावरून घट्ट आवळून बांधत आणि तसेच काम करत. मधूनच कात्री थांबवून, स्वतःची हनुवटी धरून कडाक करून घेत. चेहरा वाकडा होई. "न्हाव्याला वारं लागलं की सारा बाजार हासतो," असं म्हणत आणि पुन्हा वाकत.

त्यांचा एक जिवाभावाचा मैतर होता. डोंगरावरच्या वस्तीतला मेंढपाळ, आबा. दोघं लहानपणी किल्ल्याच्या खंदकात एकत्र पोहलेले. आबा दर बाजाराला खाली उतरायचा. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका, हातात काठी. तो आला की मामा रांगेतल्या सगळ्यांना सांगायचे, "थांबा जरा. माझं गिऱ्हाईक आलं." मग दाढी कमी आणि भांडण जास्त चालायचं. आबा म्हणायचा, तुझा वस्तरा बोथट. मामा म्हणायचे, तुझी कातडीच म्हशीची, वस्तरा काय करील? त्या भांडणासाठी सुद्धा माणसं थांबून राहायची.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. बाजार भरलेला. मी बाकावर बसून माझ्या पाळीची वाट बघत होतो. आबा आला तो एका हातानं मान धरूनच.

"काय झालं बे?" मामांनी विचारलं.

"कोकरू खांद्यावर घिऊन दरी चढलो. तवापासून मान धरली. आन् डोकं असं दुखायलंय मैतरा, का जल्मात दुखलं न्हाई असं. मोड जरा."

"बस. आत्ता वारं काढतो."

आबा बसला. मामांनी त्याचा पटका उतरवून खुंटीला लावला, कानांवर हात ठेवले. कडाक. मग दुसऱ्या बाजूला कडाक. आबा उठला, बरं वाटल्यासारखा हसला, पटका घेऊन दारापर्यंत गेला. तिथं त्यानं चौकट धरली.

"मैतरा," तो म्हणाला, "दुकान फिरायलं बे."

आणि तो खाली बसला. मग ओकला. काहीतरी सांगू बघत होता, पण जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते. पाय उभे राहीनात. दुकानातली माणसं पाणी आणा, कांदा हुंगवा, वारा घाला असं ओरडत होती. मामा मात्र जागेवर उभे होते, दोन्ही हात पुढे धरून. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

ओळखीच्या एका माणसाची जीप बाहेर होती. आम्ही आबाला तिच्यात घातलं आणि अंबाजोगाईचा रस्ता धरला. तिथं मोठा दवाखाना आहे. मामांनी आबाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्ता कसा आहे तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक खड्ड्याला मामा ते डोकं दोन्ही हातांत अलगद उचलून धरायचे, काठोकाठ भरलेली वाटी सांभाळावी तसं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, काय झालं? आमच्यातला एक जण घाईनं म्हणाला, "ऊन लागलं सायेब, चक्कर आली."

मामा पुढे झाले. "ऊन न्हाई सायेब. म्या मान मोडली. ह्या हातानं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि आबाला लगेच आत नेलं. नंतर ते मला बाहेर म्हणाले, "बरं झालं यांनी सांगितलं. नाहीतर शोधण्यात वेळ गेला असता."

तपासणीत कळलं ते असं. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसा असतात. त्यातली एक आतून चिरली होती. तिथं गुठळी झाली आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडलं. तोल तोच भाग सांभाळतो. मामांनी विचारलं, "म्हंजी म्याच केलं ना?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "मामा, तसं सांगता येत नाही. कोकरू खांद्यावर घेऊन चढताना मान वाकडी झाली, तेव्हाच नस चिरली असेल. म्हणून तर मान आणि डोकं नवीन तऱ्हेनं दुखत असेल. किंवा झटक्यानं चिरली असेल. किंवा थोडी आधी, थोडी नंतर. हजारो माणसांना झटका दिला तरी काही होत नाही. कुणाला होईल हे मात्र आधी कळत नाही. म्हणून झटका देऊ नये, एवढंच मी म्हणेन."

परतताना जीपमध्ये मामा म्हणाले, "सायेबानं मला धरलं न्हाई, सर. आन् सोडलं बी न्हाई."

आबा वाचला. जीभ काही आठवड्यांत सुटली, हाताची पकड आली. तोल मात्र गेला होता. चालताना तो एका बाजूला झुकायचा, जणू त्या बाजूला कुणीतरी त्याचं धोतर ओढतंय.

मामांचं दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा मी गेलो. केस कापले, फडकं झटकलं आणि म्हणाले, "झालं." मी सवयीनं तसाच बसून राहिलो. मामा माझ्यामागे उभे होते. आरशात त्यांचे हात दिसत होते, कानांकडे न येता बाजूला लोंबणारे.

"ते बंद झालं, सर," ते म्हणाले.

गिऱ्हाइकांना हे पटायला जड गेलं. माणसं चिडायची. "मामा, एका मानसाला झालं म्हनून काय सगळ्यायला हुतंय व्हय?" "अवो, माज्या जिम्मेदारीवर मोडा." कुणी म्हणायचं, मामांच्या हातातलं कसब गेलं. कुणी म्हणायचं, पोलिसाला भ्याला. स्टँडजवळ एक नवं सलून निघालं होतं, काचेचं दार आणि गारवा असलेलं. बरेच जण तिकडे गेले, कारण तिथला कारागीर मान मोडून द्यायचा. पुढाऱ्यांची गाडीही एकदा दुकानापुढे थांबली. मामांनी हात जोडले. गाडी तशीच पुढे गेली आणि परत आली नाही.

एक पोरगा मोबाइल घेऊन आला. त्यावर मान मोडण्याचे व्हिडिओ होते. माइक लावून कडाक असा आवाज ऐकवलेला, आणि तो माणूस सुखानं डोळे मिटतो.

"बगा मामा, किती लोक बगतेत. तुमी तर ह्यांच्या वरचढ. चालू करा, म्या शूटिंग घेतो."

मामांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग विचारलं, "ह्यो मानूस दुकानातनं भाईर चालत जाताना दावलाय का कुटं?"

पोरानं पुढे-मागे सरकवून पाहिलं. नव्हता.

आबाला तोल सावरण्याचा व्यायाम करायला आठवड्याला अंबाजोगाईला जावं लागे. त्या दिवशी मामा दुकान बंद ठेवत. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आबाला घेत आणि एस.टी.नं दवाखान्यात नेत. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. आबा भिंत धरून पावलं टाकायचा आणि मामा कोपऱ्यात, कपाळाला गमजा आवळून, मान पुढे काढून बसायचे. एक दिवस बाईंनी विचारलं, "आजोबा, डोकं कुणाचं दुखतंय? त्यांचं की तुमचं?"

"माझं रोजचंच हाय."

"सुरू कुठून होतं?"

मामांनी मानेचा वरचा भाग दाखवला. बाईंनी तिथं अंगठ्यानं हळूच दाबून धरलं. मामा ओरडलेच, "ह्येच! ह्येच माझं डोकं!" जणू हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात सापडली.

पुढच्या आठवड्यात ते मलाही ओढून घेऊन गेले. "सर, तुमचं आन् माझं वारं सख्खे भाऊ हायेत. चला."

बाईंनी मला बरंच विचारलं. दुखणं अचानक आलं का, हाताला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, एकाचे दोन दिसतात का, ताप, वजन, मार लागणं. सगळ्याला नाही म्हटल्यावर मग मान वळवायला लावली. उजवीकडे ती निम्म्यातच थांबायची. मला इतक्या वर्षांत पत्ता नव्हता. मी वळायचो तो अख्खा, बैलगाडीसारखा. बाई म्हणाल्या, "तुमचं डोकं दुखतं ते बरंचसं मानेमुळे. आणि थोडं या खिशातल्या गोळ्यांमुळे."

"गोळीमुळे?"

"रोजच्या रोज घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. मग त्यासाठी पुन्हा गोळी. हळूहळू कमी करू. सुरुवातीला काही दिवस जास्त दुखेल, घाबरू नका."

मानेचं दुखणं डोक्यात कसं जातं हेही त्यांनी समजावून सांगितलं. मला ते नीट लक्षात राहिलं नाही. मामांच्या लक्षात राहिलं ते त्यांच्या पद्धतीनं. दुसऱ्याच दिवशी ते दुकानात सांगत होते, "मानंच्या वरच्या मनक्यातली तार आन् कपाळाची तार एकाच फलाटावर येतेत. आपल्या स्टँडावर कसं, चौसाळ्याची गाडी आन् शिरूरची गाडी शेजारी लागल्यावर मानूस चुकतो? तसं मानंचं दुखनं चुकून डोक्याच्या गाडीत बसतं. आन् आपुन कपाळाला बाम चोळतो. ते उतरनार कसं? त्याला चढलंय तितं गाठाया पायजे."

बाईंनी दिलेले व्यायाम साधे होते. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्यायची, थोडं थांबायचं, सोडायची. खांद्यांची पाती मागे ओढायची. मान दोन्ही बाजूंना सावकाश, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत वळवायची. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. आणि एकाच जागी वाकून फार वेळ राहायचं नाही. यात कडाक कुठंच नव्हतं, त्यामुळे मामांना पहिल्यांदा त्यावर विश्वास बसेना. "एवडंच?" असं त्यांनी बाईंना दोनदा विचारलं. "एवढंच," बाई म्हणाल्या, "पण रोज."

हनुवटी मागे घेणं मला जमत नव्हतं. मामांनी मला आरशासमोर बसवून शिकवलं. "असं समजा, सर, न्हाई आवडत ती भाजी कुनी तरी तोंडापुडं आनली. मान हलवायची न्हाई, निस्तं माघं सरायचं. हां, असं. काय होती भाजी?"

"कारलं."

"मग रोज कारलं समजा."

मग त्यांनी खुर्ची उंच केली. बाईंनी सांगितलं होतं, तुम्ही गिऱ्हाइकाकडे वाकू नका, गिऱ्हाइकाला तुमच्याकडे वर आणा. मामांनी वेल्डिंगवाल्याकडून खुर्चीखाली लोखंडी चौकट बसवून घेतली. ती इतकी उंच झाली, की बसायला पायरी लागायची. म्हातारी गिऱ्हाइकं कुरकुरायची, "मामा, नवरदेव घोड्यावर बसल्यावानी वाटायलंय." मामा म्हणायचे, "बसा की. पुन्ना कोन बसवनारंय तुमाला?"

दुसऱ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं गेलं. दोन-तीन गिऱ्हाइकं झाली की मामा तिथं पाठ टेकून बसायचे आणि सगळ्यांच्या देखत हनुवटी मागे घ्यायचे. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, मामांना कशाचा तरी वास आला.

कपाळावरचा गमजा हळूहळू खांद्यावर आला. बरं वाटलं म्हणून ते कुणावर हात चालवायला मात्र पुन्हा गेले नाहीत. कुणी मान धरून आलं की चौकशी करायचे, बाई करत तशी. ते सगळे प्रश्न त्यांना पाठ नव्हते, क्रमही चुकायचा. पण एक चुकायचा नाही. "असं कवा आदी दुखलं हुतं का? न्हाई? नवंच हाय? मग खाली उतरा. आदी दवाखाना, मग दाढी." एकदा त्यांनी अर्धी दाढी झालेल्या माणसाला तसंच पाठवलं. त्याला काहीच निघालं नाही. तो परत आला तेव्हा त्यानं मामांना भर दुकानात शिव्या दिल्या. मामांनी त्या ऐकून घेतल्या आणि उरलेली अर्धी दाढी केली.

हे सगळं चालू असताना आबा दुकानात येत नव्हता. आठवड्याला दवाखान्यात दोघं बरोबर जायचे, एस.टी.त शेजारी बसायचे. पण मामा त्याला दुकानात आणायचे नाहीत आणि आबाही तो विषय काढायचा नाही. त्याची दाढी त्याचा पुतण्या करायचा म्हणे, वाकडीतिकडी.

पावसाळा सरला होता. बाजाराचा दिवस. मी खुर्चीत होतो, त्या उंच सिंहासनावर, त्यामुळे मला रस्ता आधी दिसला. आबा येत होता. एकटाच. काठी टेकत, एका बाजूला झुकत, थांबत, पुन्हा निघत. रस्त्यातली माणसं बाजूला होत होती.

तो दारात आला. चौकट धरली. त्या दिवशी धरली होती तीच. मी खाली उतरलो.

"काय बगतो बे?" आबा म्हणाला. "दाढी कर. मेंढरं वळखंना झालीत मला."

मामा हलले नाहीत. "माझ्या हातात मान देतो का तू?"

"मान कोन देतंय? गाल देतो. गाल कर."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. आम्ही दोघा-तिघांनी आबाला वर चढवलं. मामांनी फेस केला. तो करायला त्यांनी इतका वेळ लावला, की वाटीतलं पाणी संपलं. मग वस्तरा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. आबानं डोळे मिटून डोकं मागे टेकवलं होतं, गळा उघडा. त्या गळ्याकडे बघून मामांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, खोकल्यासारखा.

आबानं डोळे न उघडता म्हटलं, "त्या दिशी मोड म्हनून कोन म्हनलं हुतं?"

मामांनी वस्तरा गमज्याला पुसला.

"म्या म्हनलं हुतं ना? का दुसऱ्या कुनी? मग सारं वझं तू एकटा कावून वागवायलास? निम्मं हिकडं दे की."

डाव्या हातानं मामांनी स्वतःचे डोळे पुसले. त्या हाताला फेस होता, तो त्यांच्या गालाला लागला. मग वस्तरा चालू झाला. इतकी सावकाश दाढी मी आजवर पाहिली नाही. शेवटी तुरटी फिरवली, गमज्यानं गाल टिपले आणि आरसा पुढे धरला.

आबानं दोन्ही गाल वळवून पाहिले. "वस्तरा अजून बोथटच हाय," तो म्हणाला.

"कातडी म्हशीची हाय," मामा म्हणाले. शब्द तेच होते, जुने.

पुढे आबाला डोंगर उतरणं जमेनासं झालं, तेव्हा मामा वर जायला लागले. पेटी घेऊन, बाजार नसलेल्या दिवशी. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. चढावर ते थांबून थांबून श्वास घेत होते. वस्तीवर लिंबाखाली आबा दगडावर बसला होता, मेंढ्या सावलीला गोळा झाल्या होत्या. मामांनी त्याला उचलून बाजेवर बसवलं, स्वतः समोर ताठ बसले आणि फेस करायला घेतला. मेंढ्या रवंथ करत होत्या. मला तिथून हलावंसं वाटेना.

माझं डोकं पूर्ण बरं झालं असं नाही. परीक्षांच्या दिवसांत अजून दुखतं. पण आता उत्तरपत्रिका उंच ठेवून तपासतो, मधे उठतो, आणि खिशात पाकीट नसतं. वर्गात पाठमोरा उभा असताना मागच्या बाकावर गडबड झाली तर आता नुसती मान वळवून बघता येतं. पोरांना याचं वाईट वाटलं असावं.

मामांचं दुकान पहिल्यासारखं भरलं नाही. जी गिऱ्हाइकं गेली ती बहुतेक गेलीच. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, "सर, आता दुपारी बसाया घावतंय. पूर्वी कुटं घावत हुतं?"

गेल्या थंडीत मामा गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच. त्यांची मुलं बाहेरगावी नोकरीला असतात. त्यांनी दुकानाची जागा सोडून दिली. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. उंच खुर्ची कुणी नेली ते मला कळलं नाही. ती कुणाच्या कामाची नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका बाजाराच्या दिवशी आबा दिसला. पुतण्यानं मोटारसायकलवर बसवून खाली आणलं होतं. पिंपळाच्या पारावर तो काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मी जवळ गेलो तरी पटकन ओळखू आला नाही. पांढरी शुभ्र दाढी गळ्यापर्यंत आली होती.

"आबा, दाढी कावून वाढवली एवढी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बाजाराकडे पाहिलं.

"करनार कोन, सर?"

"स्टँडाजवळ दोन-तीन दुकानं आहेत की. मी नेऊ का?"

"दुकानं हायेत," आबा म्हणाला.

एवढंच म्हणून त्यानं दाढीवरून हात फिरवला, वरून खाली, सावकाश. मी त्याच्या शेजारी पारावर बसलो. समोर बाजार चालू होता.